फुग्याचा वास

तनुजाच्या घरात कुठल्याही दुखण्याला नाव पटकन मिळायचं. तोंड आलं की उष्णता. पोट बिघडलं, घसा धरला की काहीतरी बाधलं. आणि हसतंखेळतं पोर एकाएकी सुजलं, फणफणलं, किरकिरायला लागलं, तर दिष्ट. नाव मिळालं की निम्मं काम झालं, उरलेलं निम्मं गुलकंद, ओवा नाहीतर मीठ-मोहऱ्या करत. तनुजा लातूरच्या एका शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. फळ्यावर जिवाणू-विषाणूंच्या आकृत्या काढण्यात तिचा हात कुणी धरत नसे. पण घरी आली की चपलांसोबत तेही सगळं दाराशी काढून ठेवायची. त्यात काही चुकतंय असं तिला वाटायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्यापैकी कितीजणांना तरी वाटतं.

भार्गवी तिची एकुलती एक मुलगी. पोर जरा नाजूक. झाडू मारला की शिंका, महिन्या-दोन महिन्यांनी तोंड आलेलं, जेवताना डोळ्यांत पाणी. तिच्या सहाव्या वाढदिवसाला एक प्रकार घडला होता, तो घरात सगळ्यांना पाठ होता. वडलांनी, म्हणजे श्रीनाथनं, रंगीत फुग्यांचं पाकीट आणलं होतं. भार्गवीनं हट्ट धरला की सगळे फुगे मीच फुगवणार. बसली गाल फुगवून, एकामागून एक फुगवत. केक कापायची वेळ आली तोवर तिचे ओठ असे सुजले की फोटोत पोर ओळखू येईना. नवं परकर-पोलकं घातलेलं, आल्यागेल्यानं ‘किती गोड दिसतीय’ म्हटलेलं. मग संशय कुणावर घ्यायचा, हे काय सांगायला हवं? अर्धापूरहून आलेल्या आजीनं, प्रेमलाबाईंनी, मुठीत मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन तिच्यावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या.

“बघ, मिरच्या जळून राहिल्या तरी ठसका सुदिक न्हाई,” त्या सुनेला म्हणाल्या. “लई वाईट दिष्ट होती.”

सकाळपर्यंत सूज उतरली. त्याहून मोठा पुरावा तो कोणता? त्यानंतर दर वाढदिवसाला भार्गवीच्या कानामागं काजळाचं बोट लागू लागलं. फुगे मात्र दरवर्षी येत राहिले, कारण फुग्यांवर कुणाचा संशयच नव्हता. ओठ दरवर्षी थोडेफार सुजायचे आणि दिष्ट दरवर्षी निघायची.

दुसरी गोष्ट केळ्याची. नांदेडजवळ अर्धापूरला सासरची केळीची बाग होती, त्यामुळे घरात केळं नाही असा दिवस नसे. भार्गवीनं केळं खाल्लं की ती मान खाजवायची, जीभ टाळूला घासायची आणि म्हणायची, “घशात मुंग्या आल्या.” केळं थंड, पोरीला बाधतं, असा निकाल आजीनं देऊन टाकला आणि भार्गवीच्या वाटचं केळं तिचा बाप खाऊ लागला. घरात कुणाला ना कुणाला काहीतरी बाधतच असतं. तनुजाला वांगं बाधायचं, श्रीनाथला उडदाची डाळ. त्या ओळीत भार्गवीचं केळं जाऊन बसलं आणि विसरलं गेलं.

भार्गवी अकरा वर्षांची झाली आणि तिच्या दातांनी नवा घोळ घातला. वरचा एक सुळा हिरडीत उंच चढून बसला, पुढचे दात एकमेकांना खांदे मारायला लागले. पोर हसताना तोंडावर हात धरू लागली. शेवटी ती आणि श्रीनाथ तिला घेऊन दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मल्लेश उदगीरकडचे, वयानं तरुण, बोलायला मोकळे. त्यांनी भार्गवीला खुर्चीत बसवलं, तोंड उघड म्हणाले. भार्गवीनं आधी आईकडे पाहिलं. ही तिची लहानपणापासूनची खोड. सुई असो, कडू औषध असो, आधी आईकडे बघायची. आईनं मान हलवली की मगच तोंड उघडायची. तनुजानं मान हलवली.

डॉक्टरांनी सगळं नीट समजावून सांगितलं. धातूच्या पट्ट्या आणि तार, हा नेहमीचा मार्ग. दुसरा, दाताच्या रंगाच्या पट्ट्यांचा, दिसायला बरा, पण ठिसूळ. तिसरा, पारदर्शक साचे. ते काढता-घालता येतात, गालाला कमी घासतात, तोंड येणाऱ्या मुलांना बरे पडतात. पण दिवसभर घालून ठेवायची शिस्त हवी, आणि इतक्या वर चढलेल्या सुळ्याला ते पुरे पडतीलच असं नाही. चौथा मार्ग थांबायचा. आधी तोंड का येतं ते रक्त तपासून बघायचं, तोंड शांत झालं की दातांना हात लावायचा. काही मुलांना तारेतलं निकेल सोसत नाही, म्हणून खोट्या कानातल्यांनी हिचे कान चिघळतात का, तेही त्यांनी विचारलं. तनुजानं अभिमानानं सांगितलं की पोर जत्रेतली कानातली वर्षभर घालते, काही होत नाही. डॉक्टरांचा चेहरा मोकळा झाला.

“आणखी कशाची अ‍ॅलर्जी?” त्यांनी विचारलं.

“धुळीची,” तनुजा म्हणाली. “सकाळी शिंका येतात.”

“औषधाची, खाण्यातली?”

“नाही. बाकी काही नाही.”

ती खोटं बोलली नाही. अ‍ॅलर्जी हा शब्द दवाखान्यातला होता. ती ज्यांना होते ते लोक कोळंबी खाऊन दवाखान्यात भरती होतात, असं तिच्या डोक्यात होतं. केळं बाधतं ही स्वैपाकघरातली गोष्ट, आणि फुग्याची तर गोष्टच नव्हती, ती दिष्ट होती. स्वैपाकघरातलं आणि देवघरातलं कुणी डॉक्टरांपुढं मांडतं का? भार्गवीनं मात्र काहीतरी बोलायला ओठ हलवले. आई बोलून गेलीय हे बघून ते तिनं मिटून घेतले.

श्रीनाथनं तारेचा मार्ग धरला. साचे दिले तर ही पोरगी पहिल्याच आठवड्यात डब्यासोबत शाळेत विसरून येईल, म्हणाला. रक्त तपासलं, त्यात काही मोठं निघालं नाही. तार बसली.

पहिल्या दिवशीच संध्याकाळी भार्गवीचे ओठ जाड दिसायला लागले. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, बराच वेळ ओठ ताणून धरले होते, उतरेल. उतरले. पुढच्या खेपेला तसंच झालं, पुन्हा उतरले. तिसऱ्या खेपेहून परत येताना स्कूटीवर मागं बसलेली भार्गवी आईच्या पाठीला गाल टेकवून म्हणाली, “आई, डॉक्टर काकांच्या हाताला फुग्याचा वास येतो.”

तनुजाला हसू आलं. संध्याकाळी तिनं ते श्रीनाथला सांगितलं, त्यालाही हसू आलं. पोरांच्या नाकाचं काही खरं नाही, एवढं बोलून दोघं जेवायला बसले. त्या दिवशी ते हसले नसते तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण तसं व्हायचं नव्हतं.

मग डॉक्टरांनी इवलेसे रबर दिले. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत रोज ताणून लावायचे, म्हणजे सुळा खाली ओढला जाईल. ते लावायला लागल्यापासून भार्गवीचं तोंड जे यायला लागलं ते जाईचना. गालाच्या आतून पांढरे चट्टे, भोवती लालेलाल. तनुजा टॉर्च घेऊन बघायची. चट्टे बरोबर रबराच्या वाटेनं उठलेले दिसायचे. डोळ्यांसमोर होतं, पण डोळ्यांना दिसतं ते मनाला दिसेलच असं नाही. तार घासते, ती म्हणायची, आणि तारेला मेण लावून द्यायची.

“रबर लावलं की आग होते,” भार्गवी सांगायची.

“नवीन आहे, होईल सवय.”

एके दिवशी बेसिनच्या जाळीत रबरांचा गुंता सापडला. पोरगी रोज रबर काढून फेकत होती. शाळेतून दमून आलेल्या तनुजाचं डोकं फिरलं. तिनं भार्गवीच्या पाठीत एक धपाटा घातला, वर ऐकवलं की दात सरळ करायला डॉक्टर एवढे झटतात आणि तू नाटकं करतेस. भार्गवी रडली नाही. आईसमोर उभं राहून तिनं रबर लावलं आणि अभ्यासाला बसली. तो धपाटा पुढं तनुजाच्या हाताला फार दिवस आठवत राहिला.

तोंड फारच आलं तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस रबर बंद करायला सांगितलं आणि मलम दिलं. रबर बंद झाल्यावर चट्टे भराभर भरले. नेमका त्याच सुमाराला अर्धापूरहून आजीचा गुलकंद आला होता. सगळं श्रेय गुलकंदाला मिळालं. रबर पुन्हा सुरू झाले, तोंड पुन्हा आलं, आणि घरात चर्चा अशी झाली की या खेपेचा गुलकंद तितका चांगला नव्हता.

मे महिन्यात सगळे अर्धापूरला गेले. निघण्याआधी डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की सुळ्याला जागा नाही, परत आल्यावर त्याच्या मागचे दोन दात काढावे लागतील, भूल देऊन, वेळ लागेल. भार्गवीनं ते ऐकून घेतलं. हल्ली ती सगळं ऐकून घ्यायची. बागेत पोरं पाटाच्या पाण्यात खेळत होती, ही ओट्यावर बसून ताक-भात गिळत होती. आजीला ते बघवलं नाही. त्यांनी सुनेला आत बोलावून सांगितलं की तोंडाची उष्णता हाडात मुरलीय, रोज उठल्याबरोबर अनशापोटी पिकलं केळं गाईच्या तुपात कालवून द्यायचं, आठवड्यात पोर हसायला लागेल.

“आत्याबाई, तिला केळं बाधतं ना?” तनुजानं विचारलं. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची.

“अंग थंड आसलं तर बाधतं. आता तिला उष्णता हाय. उष्णतेवर थंडच लागतं, बाई.”

हा हिशेब इतका सरळ होता की त्यावर बोलायला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनं स्वतः फणीतलं सगळ्यात पिवळंधमक केळं निवडलं, वाटीत कुस्करलं, वर तूप सोडलं. भार्गवीनं वाटीकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. तनुजानं मान हलवली.

खाऊन झाल्यावर भार्गवी बराच वेळ मान खाजवत बसली. तिचा आवाज बसला. दुपारी ती आईजवळ येऊन घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आई, माझा घसा लहान झालाय.”

क्षणभर तनुजाच्या मनात काहीतरी हललं, अंधारात कोपऱ्यातलं भांडं हलावं तसं. पण घरात पाहुणे होते, चुलीवर डाळ होती, आणि आजी म्हणाल्या, थंड पडलंय, आलं-गूळ द्या. आलं-गूळ दिला. संध्याकाळी आवाज सुटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटी आली, आणि या खेपेला भार्गवीनं आईकडे पाहिलंच नाही, खाऊन टाकलं. तनुजाला बरं वाटलं. पोरीनं सांगणं सोडून दिलंय, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

अर्धापूरहून परत येताना नांदेडच्या स्थानकावर लातूरची बस लागायला वेळ होता. एक फुगेवाला बाकांमधून फिरत होता आणि फुग्यावर बोटं घासून चर्रर्र आवाज काढत होता. त्या आवाजासरशी भार्गवी उठली आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली. श्रीनाथ गमतीनं म्हणाला की पोरगी मोठी झाली, फुगे नकोसे झाले. तनुजानं मान डोलावली आणि पिशवीतली केळी चेंगरू नयेत म्हणून ती मांडीवर घेतली.

दात काढायच्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं की उपाशीपोटी आणू नका. तोंड आलेलं, भाकरी चावत नव्हती. तनुजानं केळं कुस्करून दिलं. भार्गवीनं ते खाल्लं, पाणी प्यायली आणि गळ्याला हात लावून जरा वेळ उभी राहिली. श्रीनाथ ऑफिसला गेला होता. मायलेकी स्कूटीवर निघाल्या. उन्हं आताच चटके द्यायला लागली होती. गंजगोलाईकडच्या गर्दीत तनुजानं आरशात पाहिलं तर भार्गवी खोकत होती. धूळ फार आहे, तिनं मनाशी म्हटलं, आणि ओढणी नाकाला बांध म्हणून सांगितलं.

दवाखान्यात डॉक्टरांची मदतनीस उमादेवी भार्गवीला आत घेऊन गेली. आई समोर असली की मुलं जास्त घाबरतात, तुम्ही बाहेरच बसा, डॉक्टर म्हणाले. दार ओढलं गेलं. तनुजा बाकावर बसली. आतून डॉक्टरांचा समजुतीचा आवाज येत होता. मग भूल दिल्याचं काहीतरी बोलणं, मग नळाचं पाणी, मग बराच वेळ काहीच नाही. मधूनच भार्गवीचा खोकला ऐकू येत होता. तनुजाला उगीचच बसवेना. ती उठली, भिंतीवरचं दातांचं चित्र पाहिलं, पुन्हा बसली.

बाहेरच्या खोलीत एक लहान मुलगा बापाच्या मांडीवर बसून भोकाड पसरत होता. उमादेवी काहीतरी न्यायला बाहेर आली, त्याला बघून थांबली. टेबलावरच्या खोक्यातून तिनं एक नवा हातमोजा ओढून काढला, तोंडाला लावला आणि फुगवला. पाच बोटांचा पांढरा फुगा तयार झाला. तिनं त्याला गाठ मारली, पेननं दोन डोळे आणि हसरं तोंड काढलं आणि पोराच्या हातात दिला. पोर गप्प झालं. त्यानं तो फुगा गालाला लावून घासला. चर्रर्र आवाज झाला, बारीक पांढरी पूड उडाली, आणि पंख्याच्या वाऱ्यावर एक वास तनुजापर्यंत आला.

वाढदिवसाचा वास होता तो. सहाव्या वाढदिवसाचा, सातव्याचा, आठव्याचा. डॉक्टर काकांच्या हाताला फुग्याचा वास येतो. तनुजा बाकावर बसली होती आणि तिच्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन दुसरीला चिकटत होती. ओठ, रबर, रबराच्या वाटेनं उठलेले चट्टे, लांबच्या बाकावर जाऊन बसलेली पोर. माझा घसा लहान झालाय. मग ती उठली आणि दारावर धक्का मारून आत घुसली.

खुर्चीत भार्गवी अर्धवट उठून बसली होती. ओठ सुजले होते, डोळ्यांच्या पापण्या भरल्या होत्या, मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. श्वास घेताना तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टर घामाघूम झाले होते. भुलीचं इंजेक्शन सोसलं नाही बहुतेक, असं ते घाईनं म्हणत होते, आणि हातमोजे घातलेली दोन बोटं भार्गवीच्या तोंडात घालून आतला कापूस काढू बघत होते.

“हात काढा,” तनुजा म्हणाली. “तिच्या तोंडातून हात काढा. हातमोजे काढा ते.”

“मॅडम, तुम्ही बाहेर—”

“फुग्यानं सुजते ती. रबरानं. लहानपणापासून सुजते.” तिचा आवाज तिला स्वतःचा वाटत नव्हता. “आणि केळं बाधतं तिला. आज सकाळी मीच दिलंय.”

डॉक्टरांनी हातमोजे ओरबाडून लांब फेकले, हात साबणानं धुतले, उमादेवीला हाक मारून कपाटातली तातडीच्या औषधांची लाल पेटी आणायला सांगितली. भार्गवीच्या मांडीत सुई गेली. एरवी सुई बघून आईकडे वळणारी पोर आज कुठंच बघत नव्हती, तिचं सगळं लक्ष पुढच्या श्वासाकडे होतं. तोही येईल की नाही, हे त्या खोलीत कुणाला सांगता आलं नसतं. समोरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनीच तिला उचलून नेलं. तनुजा मागून धावत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या देवाचं नाव घ्यावं ते तिला सुचत नव्हतं.

तिथं खाटेवर ठेवल्याबरोबर नर्सनं सवयीनं खोक्यातून हातमोजे ओढले. तनुजानं तिचं मनगट इतक्या जोरात धरलं की नर्स कळवळली. रबर नको, रबर नको, एवढंच ती म्हणत होती. डॉक्टर मल्लेशांनी ते नीट शब्दांत सांगितलं. मग रबर नसलेले, निळे हातमोजे आले, ऑक्सिजन लागला, आणखी एक सुई झाली. दुपार टळताना छातीतली शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. भार्गवीच्या बोटांना रंग आला. तनुजा खाटेच्या कडेला कपाळ टेकून रडली, अगदी ओक्साबोक्शी, आजूबाजूला कोण आहे याची तिनं पर्वा केली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं की ही रबराची अ‍ॅलर्जी. ज्यांना ती असते त्यातल्या काहींना केळं, पपई असलंही चालत नाही, शरीर दोहोंत गल्लत करतं. दर खेपेला थोडं थोडं वाढत आलं असणार. आधी काही खूण दिसली नव्हती का, त्यांनी विचारलं. खुणा सगळ्या दिसल्या होत्या, आणि प्रत्येकीला नाव दिलं होतं.

श्रीनाथनं अर्धापूरला फोन लावून तिच्या हातात दिला. आजींनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडून बागेतल्या पंपाचा आवाज येत होता.

“म्हंजे त्या दिशी दिष्ट न्हवती?” त्यांनी विचारलं.

“नाही, आत्याबाई.”

“आन् मी केळं चारलं तिला. माझ्या हातानं.”

तनुजाला सांगायचं होतं की शेवटचं मी चारलं, आणि मला तर विज्ञान शिकवायला म्हणून पगार मिळतो. पण फोन ठेवला गेला होता.

भार्गवी घरी आली, बरी झाली. गालाचे चट्टे रबर बंद होताच भरून आले आणि या खेपेला गुलकंदाचं नाव कुणी काढलं नाही. तार तशीच होती, दात अर्ध्यावर होते, कधीतरी पुन्हा डॉक्टरांकडे जावंच लागणार होतं. शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी तिघं गेले. डॉक्टर मल्लेशांनी दवाखान्यातले रबरी हातमोजे सगळे काढून टाकले होते. त्यांनी पुन्हा सगळे मार्ग मांडले. तार ठेवायची तर रबराविना, दुसऱ्या प्रकारचे ताण लावून. नाहीतर साचे, वेळ जास्त लागेल. नाहीतर थोडे महिने काहीच नको. बोलताना ते मधूनमधून थांबत होते आणि कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

“आणखी काही त्रास आहे का हिला?” त्यांनी विचारलं. “कसलाही. लहानसाही.”

“नाही, बाकी—” तनुजाच्या तोंडून निघून गेलं, आणि ती थांबली. श्रीनाथ भिंतीकडे बघत होता.

डॉक्टर भार्गवीकडे वळले. “तू सांग.”

भार्गवीनं त्यांच्या हाताकडे पाहिलं. डॉक्टरांनी निळा हातमोजा घातलेला हात पुढं केला तसा तिनं तो दोन्ही हातांनी धरला, नाकाजवळ नेला आणि वास घेतला. एका बाजूनं घेतला, तळहात उलटा करून दुसऱ्या बाजूनं घेतला. तनुजा खुर्चीशेजारी उभी होती, नेहमीच्या जागी, लेक वळून बघेल आणि आपण मान हलवू म्हणून.

भार्गवीनं हात सोडला, मान मागं टेकवली आणि तोंड उघडलं. आईकडे तिनं पाहिलं नाही.